लाइटसेबरचं वायरिंग: हातात फिरणाऱ्या दिव्यासाठी

पॅनेल एकदा भिंतीला लागलं की वर्षानुवर्षं हलत नाही. मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते, त्यामुळे न हलणाऱ्या वायरी हा माझा रोजचा धंदा. लाइटसेबर म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमातली उजेडाच्या पात्याची तलवार. आपण घरी बनवतो त्या सेबरचं सगळं उलटं. ती गरगर फिरते, दुसऱ्या सेबरवर आपटते, पोरांच्या हातून फरशीवर पडते. “आत्या, काल लागत होती, आज लागतच नाही” म्हणत भाची किंवा तिच्या शाळेतलं कुणी सेबर घेऊन आलं, की आतला एलईडी बहुतेक वेळा शाबूत असतो. तुटलेला असतो तो सांधा, नाहीतर सेलखालची स्प्रिंग ढिली झालेली असते. म्हणून उजेड किती पडेल याच्या आधी माझा प्रश्न एकच असतो: ही आपटली तर काय सुटेल?

मुठीसाठी बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपचा ३२ मिलिमीटरचा क्रोम पाइप उत्तम, तो कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. १९७७ सालच्या मूळ सिनेमातली नायकाची मूठही कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशगनच्या दांड्यापासूनच केली होती, तेव्हा आपल्या पाइपात कमीपणा काही नाही. पात्यासाठी पॉलिकार्बोनेटची नळी घ्या. ॲक्रिलिक दिसायला तसंच असतं, पण आपटलं की त्याचे धारदार तुकडे उडतात. काचेच्या ट्यूबलाइटचा तर विचारही नको.

आता दिवा. पहिलीच सेबर असेल तर एकच पॉवर एलईडी मुठीच्या तोंडाशी बसवा, पुढे लेन्स लावा आणि नळीत बटर पेपरची सुरळी सरकवा. पातं टोकाकडे थोडं मंद दिसतं, पण मारामारीत मोडण्यासारखं त्यात काहीच नसतं. एलईडी ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेलाच घ्या. चकतीला हीटसिंक पेस्ट लावून ती धातूच्या मुठीला घट्ट टेकवा. ती तापणारच, उष्णता मुठीत उतरली पाहिजे.

वीज एका १८६५० सेलवर, म्हणजे रिचार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर घ्या: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. भरलेला असताना त्यावर ४.२ व्होल्ट असतात, बराचसा वेळ तो ३.७ च्या आसपास राहतो. ९८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेला सेल स्वस्तात मिळाला तर सरळ परत ठेवा. या मापात साडेतीन हजारांच्या आसपासच गाडी थांबते, त्यापुढचा आकडा खोटा. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल लोक वापरतात. मी लहान मुलांच्या हातात ते देत नाही. आणि सेलवर थेट सोल्डर कधीही मारू नका. होल्डर वापरा, नाहीतर निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड केलेला सेल घ्या.

रेझिस्टर लोक अंदाजाने लावतात, तिथेच घोळ होतो. एक वॉटचा लाल एलईडी सुमारे २.२ व्होल्ट घेतो, निळा सुमारे ३.२. दोघांनाही जास्तीत जास्त ३५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.३५ अँपिअर द्यायचा. लालसाठी ४.२ मधून २.२ वजा केले की २ व्होल्ट उरतात. त्याला ०.३५ ने भागलं की ५.७ ओहम येतात. मी त्यावरचा ६.८ ओहमचा घेते. मग करंट ०.३ अँपिअरच्या जवळ येतो आणि रेझिस्टरमध्ये साधारण ०.६ वॉट उष्णता होते. म्हणून तो दोन वॉटचाच हवा. पाव वॉटचा लावलात तर बंद मुठीत जळल्याचा वास येईल. निळ्यासाठी उरतो एकच व्होल्ट, हिशेबाने २.९ ओहम, म्हणून ३.३ ओहम आणि एक वॉट.

हाच हिशेब ३.७ व्होल्टला करून बघा. लालमधून अजून ०.२२ अँपिअर जातो, पण निळ्याचा करंट ०.१५ वर, म्हणजे निम्म्यावर येतो. स्नेहसंमेलनात पहिल्या प्रवेशात झगझगीत असलेली निळी सेबर शेवटच्या द्वंद्वात मलूल का पडते, ते यातच आहे. त्याला इलाज एएमसी ७१३५ ही छोटी आयसी. ती एलईडीच्या मायनसकडच्या वाटेत बसते आणि करंट ३५० मिलिअँपिअरवर बांधून ठेवते, तेही स्वतः फारच थोडा व्होल्टेज खाऊन. निळ्या-हिरव्या सेबरला मी रेझिस्टरऐवजी हीच लावते. आमची सांगली नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथेच. इथल्या मुलांच्या हातातली तलवार ऐन प्रवेशात मंद पडलेली मला बघवत नाही.

दोन एलईडी समांतर जोडायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर दोघे जोडले की ज्याला कमी व्होल्टेज पुरतं तो जास्त करंट ओढतो आणि आधी मरतो.

पट्टीची सेबर, म्हणजे पूर्ण पात्यात एलईडीची पट्टी बसवलेली, दिसते सुंदर, पण ती भूकही मोठी घेऊन येते. डब्ल्यूएस २८१२ बी पट्टीतला एक एलईडी एका रंगात साधारण २० मिलिअँपिअर खातो, पूर्ण पांढऱ्यात त्याच्या तिप्पट. मीटरला १४४ एलईडीची पट्टी ८० सेंटिमीटरच्या पात्यात दोन्ही बाजूंनी लावली तर २३० एलईडी होतात, म्हणजे नुसत्या निळ्याला साडेचार अँपिअरच्या वर. मुलांसाठी मीटरला ६० वाली पट्टी घ्या. दोन अँपिअरच्या आत काम होतं, आणि भोवती पॅकिंगचा पातळ फोम गुंडाळला की ठिपके बरेच पुसले जातात. पट्टीवरचा बाण मुठीकडून टोकाकडे हवा. डेटाच्या वायरीत ३३० ओहम, पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि पट्टीला रंगांचा डेटा पाठवणारा कंट्रोलर बोर्ड व पट्टी यांचा मायनस एकच.

आता माझ्या जिव्हाळ्याचं: जोडणी. सिंगल कोअर वायर वापरूच नका, ती चार झटक्यांत सोल्डरच्या कडेला तुटते. पॉवरला ०.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड घ्या. आधी वायरीला सोल्डर पाजा, मग पॅडला, मग दोन्ही एकत्र तापवा. सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसायला हवा. राखाडी, गोळ्यासारखा दिसला तर तो ड्राय आहे, म्हणजे नीट चिकटलेला नाही, पुन्हा मारा. त्यावर स्लीव्ह चढवा आणि वायर बोटांनी चांगली ओढून बघा. पॅनेलमध्ये मी प्रत्येक फेरूल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) ओढून बघते, इथे तर ती सवय हवीच. सांध्यापासून बोटभर अंतरावर वायर टायने बांधून टाका आणि मधे थोडी सैल ठेवा, म्हणजे झटका टायवर येतो, सोल्डरवर नाही. गरम एलईडीपाशी हॉट ग्लू लावू नका, तो मऊ होऊन सुटतो.

सेल मुठीच्या तळाशी, हातात येईल असा बसवा. बाजूने फोम कोंबा. होल्डरची स्प्रिंग मऊ असेल तर आपटताच सेल उडी मारतो आणि दिवा लुकलुकतो. स्विच लॅचिंगचा (एकदा दाबला की चालूच राहणारा), निदान तीन अँपिअरचा घ्या. रिमोटमधलं टॅक्ट बटण हा करंट पेलत नाही. सेलच्या प्लसजवळच फ्यूज टाका. धातूची मूठ आणि सोललेली वायर एकत्र असताना त्याला पर्याय नाही.

चार्जिंगला टीपी ४०५६ चं मॉड्यूल, पण संरक्षणाची आयसी असलेलं, म्हणजे ज्यावर इनपुट सोडून चार पॅड असतात ते. सेल बी प्लस आणि बी मायनसला जोडा. स्विच आणि एलईडीची वाट मात्र आउटच्या पॅडवरूनच काढा. बीवरून काढलीत तर संरक्षण बाजूलाच राहतं आणि सेल पार रिकामा होऊन मरतो. हे मॉड्यूल एकाच सेलसाठी आहे, तीन सेल ओळीने जोडून बारा व्होल्ट करणाऱ्यांना बीएमएस, म्हणजे अनेक सेल सांभाळणारं सर्किट लागेल. चार्जिंगला लावताना स्विच बंद ठेवा, नाहीतर चालू दिव्याच्या करंटमुळे मॉड्यूलला सेल भरल्याचं नीट कळत नाही. त्यावर लाल दिवा म्हणजे चार्जिंग सुरू, निळा म्हणजे झालं. आणि हे दिवसा करा, घरात कुणीतरी जागं असताना, गादीवर नाही, फरशीवर.