जुना डिझेल ट्रक घरी दुरुस्त करायचाय? इंजिन शेवटी खोला

वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रक ताब्यात आला की पहिला मोह होतो तो किल्ली फिरवून बघायचा. सुरू झाला नाही की लगेच दुसरा: हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, उतरवायचं. दोन्ही मोह आवरा. पहिल्याने धडधाकट इंजिन मोडू शकतं आणि दुसऱ्याने नको असलेलं काम अंगावर येतं.

इलेक्ट्रॉनिक्स येण्याआधीच्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालायला फार काही लागत नाही. आत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नेमक्या क्षणी आत फवारलेलं डिझेल पेट घेतं. ठिणगी नाही, सेन्सर नाहीत. उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये यातलं बिघडतं ते बहुतेक वेळा डिझेल आणि त्याची वाट. पिस्टन, लायनर, रिंगा यांची पाळी फार पुढे येते. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी चेसिस बघा

ट्रक विकत घ्यायच्या आधीच हे झालं तर उत्तम. तारेचा ब्रश आणि लहान हातोडी घेऊन चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांखाली शिरा. पाट्यांचे (स्प्रिंगांचे) ब्रॅकेट, आडवे सपोर्ट आणि दुहेरी पट्टी असेल तिथली फट या जागा नीट ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येऊन पापुद्रे सुटायला लागले तर विचार करा. दोन पट्ट्यांमध्ये गंज फुगून त्या एकमेकींपासून लांब गेल्या असतील, तर ते घरच्या वेल्डिंगचं काम नाही. बऱ्याच जड ट्रकांच्या पट्ट्या उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाच्या असतात. त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं, तर नेमकी तीच जागा पुढे तडकते. इंजिन बदलता येतं, दरवाजे मिळतात. सडलेली चेसिस मात्र सगळा हिशोब उलटवते.

ट्रकखाली जायचं तर जमीन सपाट आणि कडक हवी, चाकांना लाकडी अडण्या हव्यात आणि वजन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवं. हायड्रॉलिक जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही. केबिन पुढे कलणारी असेल तर तिचा लॉक दांडा लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका.

इंजिन हाताने फिरवा

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. ट्रक न्यूट्रलमध्ये घ्या. डिपस्टिक ओढा. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असणारच, त्याने घाबरू नका. नवं टाकलेलंही काही तासांत काळं होतं. पण ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाचा) डायफ्राम किंवा एखादं गळकं नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) संशयित धरा.

आता क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र पुरं व्हायला क्रँकचे दोन पूर्ण फेरे लागतात, तेव्हा दोन्ही फेरे करा. दाबाचा जोर हाताला लागेल आणि हळूहळू सुटेल, ते चांगलं लक्षण. एका जागी एकदम दगडासारखं अडलं तर जोर लावू नका. सिलेंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलं असेल तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली फिरवायला मनाई केली ती याचसाठी. सेल्फचा जोर हाताच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो.

इंजिन जामच असेल तर नोझल काढा, भोकांतून गंज सोडवणारं पातळ तेल प्रत्येक सिलेंडरमध्ये घाला आणि काही दिवस विसरून जा. मग पान्याने पुढे-मागे थोडं थोडं हलवत राहा. नोझल पुन्हा बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घाला आणि जुना वॉशर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च लावून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर राहतं आणि दोष मात्र भलतीकडेच शोधला जातो.

सुरू करण्याआधी बंद करण्याची सोय

पेट्रोलचं इंजिन किल्ली फिरवली की बंद होतं, कारण ठिणगी थांबते. इथे थांबवायला ठिणगीच नाही. उभ्या ट्रकच्या पंपातला रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, गंजून पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन सुरू होताच वेग चढत जातो आणि गव्हर्नरला (वेगावर मर्यादा ठेवणाऱ्या यंत्रणेला) तो आवरता येत नाही. टर्बोच्या सीलमधून ऑइल आत येत असेल, किंवा ऑइल-बाथ (तळाशी ऑइल असलेला) एअर फिल्टर कुणी काठोकाठ भरला असेल, तर डिझेल तोडलं तरी इंजिन ऑइलवर धावत राहतं.

त्यामुळे पहिल्या स्टार्टआधी पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने हलवून बघा. तो मोकळा जायला आणि परत यायला हवा. एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि हवेचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड, सपाट फळी घेऊन एक माणूस तिथे बाजूला उभा करा. हवा तोडली की कुठलंही इंजिन बंद पडतं. हात किंवा फडकं त्या तोंडावर कधीच धरायचं नाही, ते ओढून घेतलं जातं.

डिझेलची वाट: इथे वेळ घाला

टाकीच्या तळाशी पाणी साचतं, कारण ते डिझेलपेक्षा जड असतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. हा गाळ नव्या फिल्टरलाही पाहता पाहता बुजवतो. म्हणून जुन्या डिझेलवर नवं ओतून भागत नाही. टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करा, आतून धुवा, ओढणीच्या पाइपची जाळी साफ करा. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग करायचंच नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते आणि ती स्फोट करते.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचे रबरी होज सरळ नवे टाका. ही ओढणीची बाजू आहे. इथे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि ट्रक मात्र रोज सकाळी सुरू व्हायला तासभर घेतो. ज्या जुन्या डिझेलना लोक 'इंजिन गेलंय' म्हणून मोडीत काढतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मला हाच आजार वाटतो. खात्री करायची तर पंपाआधीचा होज काढून तिथे पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे दिसले की उत्तर मिळालं.

फिल्टर बदलले, पाणी साचायची वाटी धुतली, की हवा काढायची. क्रम टाकीकडून इंजिनाकडे:

1. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा हँड प्रायमर मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा.
2. हेच मुख्य पंपावरच्या (नोझलांना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरच्या) स्क्रूवर करा.
3. नोझलकडच्या पाइपांचे नट एक-दोन आटे सैल करून सेल्फ मारा. डिझेल पाझरायला लागलं की नट आवळा.

तिसऱ्या पायरीला चेहरा आणि हात लांब ठेवा. नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतं. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत मांस सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला बोट नाही, पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

मुख्य पंप मात्र घरी उघडू नका. त्यातल्या प्लंजर (दाब देणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांमधली फट काही मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी. बॉशने 1927 मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि पुढची अनेक दशकं मूळ रचना तीच राहिली. त्यामुळे टेस्ट बेंचवर ते तपासणारे कारागीर अजून सापडतात. पंप काढून त्यांच्याकडे न्या, पण काढण्याआधी पहिला सिलेंडर टायमिंगच्या खुणेवर आणा आणि पंपाचा फ्लँज व इंजिन यांवर मिळून एक रेघ कोरा.

बॅटरी आणि सेल्फ

डिझेलला नुसतं फिरून चालत नाही, पुरेशा वेगाने फिरावं लागतं. सावकाश फिरलं तर दाबलेली हवा तापायच्या आत थंड होते. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये अशा दोन एकामागे एक जोडलेल्या असतात. सेल्फ मारताना प्रत्येक बॅटरी साडेनऊच्या खाली उतरू नये. बॅटरी चांगली असून सेल्फ रेंगाळत असेल, तर आधी इंजिन आणि चेसिसमधली अर्थची केबल काढून तिची दोन्ही टोकं घासा. नवा सेल्फ घेण्यापूर्वी हे करावंच.

पहिला स्टार्ट

नवं ऑइल आणि ऑइल फिल्टर टाका, रेडिएटर भरा. स्टॉप लिव्हर ओढून धरा आणि इंजिन सुरू न होऊ देता सेल्फ मारा; ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. एका वेळी 15 सेकंदांहून जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं थांबायचं. मगच लिव्हर सोडा. इथरचा स्प्रे मारू नका. हीटर किंवा ग्लो प्लग (सिलेंडर आधी तापवणारी सळई) असलेल्या इंजिनात तर तो सरळ धोका आहे.

सुरू झालं की धूर बघा. थंड असताना पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिन तापल्यावर तो जायला हवा. तापल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी उतरत असेल तर हेड गॅस्केट. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण खूप दिवस उभ्या असलेल्या इंजिनात अडकलेल्या रिंगा थोडं चालवल्यावर सुटतात, तेव्हा निकाल घाईने देऊ नका.

इंजिन अडखळत असेल तर एकेका नोझलच्या पाइपचा नट क्षणभर सैल करा, तोही फडकं गुंडाळून आणि पान्याने. आवाज पडला तर तो सिलेंडर काम करतोय. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तो सिलेंडर मेलेला. त्याचं नोझल तपासा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा. चांगल्या ट्रक इंजिनात ते साधारण 25 ते 30 बार मिळतं. सगळे सिलेंडर सारखे असणं आकड्याइतकंच महत्त्वाचं. एखादाच फार खाली असेल, तर आता हेड उतरवायला कारण आहे.

टॅपेट लावायची एक युक्ती सांगतो. सहा सिलेंडरच्या इंजिनात फायरिंगचा क्रम बहुधा 1-5-3-6-2-4 असतो. त्यात 1 आणि 6, 5 आणि 2, 3 आणि 4 अशा जोड्या जमतात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. पहिल्याचे हलले की सहाव्याचे. फट किती आणि इंजिन थंड की गरम, हे मॅन्युअल सांगेल तेच.

ब्रेक आणि चाकं

चालू झालेला ट्रक लगेच फाटकाबाहेर काढू नका. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर फ्लुइड जुना असणार आणि त्याने पाणी शोषलेलं असणार, सगळा काढा. व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचे रबर आणि होज नवे टाका, हवा काढायला सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये टाक्यांचं पाणी सोडा, दाब भरून इंजिन बंद करा आणि पेडल दाबून धरून काटा उतरतो का ते बघा. स्प्रिंग ब्रेकचा (हवा गेली की स्प्रिंगने लागणाऱ्या ब्रेकचा) चेंबर कधीच उघडू नका. आतली स्प्रिंग माणूस मारू शकते.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, फार जुना टायर बदलाच. रिम लॉक रिंगची (टायर वेगळ्या लोखंडी कड्याने अडवणारी) असेल तर नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडा, जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची. रिंग बसवणं आणि हवा भरणं पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच होऊ द्या. काही जुन्या ट्रकांत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हे विसरून नट तोडू नका.

केबिन, पत्रा, रंग यांचा विचार यानंतर. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवलेल्या असू द्या.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सावकाश आणि जवळच काढा. परत आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हाताची उलटी बाजू न टेकवता नेऊन बघा; एखादा बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा आणि डिझेल फिल्टर बदला, टाकी कितीही घासली असली तरी.