हिवाळ्याआधी हवेत पाणी घालण्याची तयारी

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांच्या पूजेतलं एक झेंडूचं फूल तळघरातल्या फर्नेसवरही, म्हणजे घरभर गरम हवा पुरवणाऱ्या भट्टीवरही जातं. अमेरिकेतल्या थंडगार मिनेसोटात तोच आमचा अन्नदाता. त्याच दिवशी ह्युमिडिफायरचं, म्हणजे त्या गरम हवेत ओलावा घालणाऱ्या यंत्राचं, पाण्याने भिजणारं पॅड बदलतो, म्हणजे वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. यंदा पहिल्यांदाच यंत्र बसवणार असाल, तरी दसऱ्याच्या सुमारासच कामाला लागा. घोळणा फुटून उशीवर रक्ताचे डाग दिसायला लागले, टाचांच्या भेगा मोज्यांत अडकायला लागल्या आणि तबल्याची पुडी चढून बसली, की मग घाईघाईत कारागीर शोधण्यात मजा नाही.

कोकणातल्या माणसाने हवेत पाणी घालायला पैसे मोजावेत हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. पण हिशोब सरळ आहे. उणे १८ अंश सेल्सिअसच्या बाहेरच्या हवेत घनमीटरमागे फार तर १ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा फटींतून घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची धारण करायची ताकद १८ ग्रॅमच्या आसपास जाते. वाफ मात्र तेवढीच राहते. म्हणून ती कोरडी हवा मिळेल तिथून, तुमच्या नाकातून, ओठांतून, तानपुऱ्याच्या भोपळ्यातून पाणी ओढते.

तेव्हा पहिलं काम खरेदीचं नाही, मोजण्याचं. एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि आठवडाभर बैठकीत ठेवा. स्वयंपाकघरात नको, तिथे कुकरच्या शिट्ट्या आकडा फुगवतात. आकडा पस्तिशीच्या वर राहत असेल तर यंत्राची गरज नाही, फटी बुजवल्यात तरी भागेल. गरज असेलच तर घराचं क्षेत्रफळ आणि फर्नेसजवळची जागा टेपने मोजून घ्या. ही यंत्रं तीन प्रकारची: बायपास, पंखावालं आणि वाफेचं. बायपास प्रकाराला स्वतःचा पंखा नसतो. फर्नेसचीच गरम हवा एका सहा इंची नळातून पॅडवरून फिरवून परतीच्या डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात) सोडली जाते. नळाला जागा नसेल तर पंखावाला घ्या. वाफेचा प्रकार सगळ्यांत ताकदवान, पण त्याला विजेची वेगळी लाइन लागते आणि बिलही तसंच येतं. सामान्य घराला बायपास पुरतो, असं माझं मत.

स्वतः बसवणार असाल तर पत्रा कापायची कात्री, ड्रिल, पाणसळ, ॲल्युमिनियमची फॉइल टेप आणि जाड हातमोजे आधी गोळा करा. कापलेल्या पत्र्याची कड सुरीपेक्षा वाईट. कापडी टेप वापरू नका, उष्णतेने ती सुटते. खोक्यात मिळणारा कागदी साचा डक्टवर चिकटवून, पाणसळ लावून, मगच भोक पाडा. त्याआधी एसीची कॉइल कुठे बसली आहे ते नक्की बघा, ती बहुधा फर्नेसच्या डोक्यावर असते आणि ड्रिल तिच्यात गेलं तर पुढचा उन्हाळा महागात पडतो. फर्नेसचा ब्रेकर बंद, हे वेगळं सांगायला नको. यंत्राची २४ व्होल्टची वायर-जोडणी समजत नसेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवा.

पाण्याची जोडणी मात्र नीट. आमच्याकडे बसवणाऱ्याने पाइपाला चिमटा लावून सुईने भोक पाडणारा स्वस्त व्हॉल्व्ह लावला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात तो थेंब-थेंब गळून खालची जुन्या मासिकांची दोन खोकी भिजली. पाइप कापून टी-आकाराचा जोड आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. शक्य असेल तर गरम पाण्याच्या लाइनला जोडा, पाणी लवकर उडतं. निचऱ्याची नळी सतत उताराने जमिनीतल्या जाळीपर्यंत न्या. मध्ये झोळ पडला तर पाणी तिथेच तुंबतं. बरंच पाणी वाया जाताना दिसेल, घाबरू नका, ते क्षार धुऊन नेतं.

आता ज्यावर बहुतेक जण चुकतात ते. थंडी वाढली की आर्द्रता वाढवायची नसते, कमी करायची असते. बाहेर उणे ७ असेल तर ३५ टक्के, उणे १८ ला २५, उणे २९ ला १५, हा ढोबळ हिशोब. पहिल्या वर्षी मी चाळिशीवर ठेवून निर्धास्त झालो. जानेवारीत सकाळी खिडक्यांच्या खालच्या कडेला बोटभर बर्फ, तो मी उलथण्याने खरवडत होतो. वितळलेलं पाणी लाकडी चौकटीत मुरलं आणि महिन्याभरात तिथे काळी बुरशी आली. तेव्हा ह्युमिडिस्टॅटपेक्षा (आर्द्रता ठरवायच्या बटणापेक्षा) काचेवर विश्वास ठेवा. काच घामेजली की पाच टक्के खाली. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेलं मॉडेल मिळालं तर जरा जास्त पैसे द्या, हे सगळं तेच करतं.

दरवर्षी सुरुवातीला नवीन पॅड. बऱ्याच पॅडना एका कडेला रंगाची खूण असते, ती बाजू वर. वरचा ट्रे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार सोडवा, पाण्याच्या नळीतलं बारीक छिद्र मोकळं करा, बायपासच्या नळातली झडप ‘विंटर’वर फिरवा. मग तपासण्यापुरता ह्युमिडिस्टॅट पूर्ण वर करून थर्मोस्टॅट वाढवा. फर्नेस चालू झाली की सोलेनॉइडचा (पाणी सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) ‘टक्’ आवाज यावा आणि थोड्या वेळाने निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक धार दिसावी. आवाज आला पण धार नाही, तर छिद्र तुंबलं आहे. जानेवारीत एकदा झाकण उघडून पॅड बघा. पापडासारखं पांढरं, कडक झालं असेल तर तुमचं पाणी जड आहे, हंगामात दोन लागतील.

एप्रिलात पाणी बंद, ह्युमिडिस्टॅट बंद, झडप ‘समर’वर. हे विसरलात तर एसीची थंड हवा त्याच नळातून गोल गोल फिरत बसते. ओलं पॅड उन्हाळाभर आत ठेवू नका, कुबट वास येतो. काढतानाच त्याचा नंबर मार्करने फर्नेसच्या पत्र्यावर लिहून ठेवा, आम्ही तो झेंडूच्या फुलाचा डाग पडलाय त्याच्या शेजारी लिहिलाय.