पिटमध्ये ट्रम्पेट वाजवताय? या चुका टाळा

म्युझिकलच्या पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या वादकांच्या खड्ड्यात, ट्रम्पेटचं बिघडतं ते बहुतेक वेळा आपण गप्प बसलेलो असताना. अवघड पॅसेज घरी घोटून होतात, पण रेस्टमध्ये, म्हणजे आपल्याला वाजवायचं नसतं तेव्हा, काय करायचं हे कोणी शिकवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हॅम्प (इशारा मिळेपर्यंत परत परत वाजणारा तुकडा) मोजणं. तालमीत तो चार वेळा वाजला म्हणून शोलाही चारच वेळा वाजेल असं धरून चालू नका, कारण व्हॅम्प असतोच मुळी स्टेजवरच्या डायलॉगसाठी, नट थांबला की तो लांबतो आणि लोक हसले तर अजूनच लांबतो. मी एकदा असाच मोजत बसलो आणि पाचव्या वेळी एकटाच पुढच्या गाण्यात शिरलो, अख्खा पिट मागे आणि ट्रम्पेट पुढे, अजून आठवलं की घाम फुटतो. तेव्हापासून पार्टमध्ये (आपल्या नोटेशनच्या कागदांत) डायलॉगचे शेवटचे दोन-तीन शब्द पेन्सिलने लिहून ठेवतो आणि नजर कंडक्टरच्या हातावर. पेनने लिहू नका, कट (गाळायच्या जागा) बदलतात, शिवाय भाड्याचे पार्ट असतील तर खोडून परत द्यावे लागतात.

दुसरं, गार वाद्य. वीस मिनिटं स्टँडवर ठेवलेला ट्रम्पेट किंवा फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटचाच मऊ आवाजाचा भाऊ) गार पडतो, सूर उतरतो आणि नेमकी पहिलीच एन्ट्री सोलोची निघते. एन्ट्रीच्या सोळा-वीस बार (मात्रांचे गट) आधी वाद्य हातात घ्या, आवाज न करता आत गरम हवा सोडा, तिन्ही व्हॉल्व्ह दाबूनही सोडा म्हणजे सगळी नळी तापते, आणि वॉटर कीमधून पाणी काढून टाका नाहीतर पहिल्याच नोटला गुडगुड. अन् म्यूटचं (आवाज बदलायला बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या पुढच्या तोंडात, बसवतात तो) उलटं आहे बरं का, स्ट्रेट किंवा हार्मन प्रकारचा लावला की सूर साधारण चढतो, तेव्हा ट्यूनिंग स्लाइड किती बाहेर ओढायची ते घरी ट्यूनरवर बघून पार्टमध्ये लिहा.

म्यूट पडण्याची भीती खरी आहे. स्टेजवर हळवा सीन चालू असताना खाली धातूचा म्यूट खणखणला तर प्रेक्षकांनाही ऐकू येतं. पायाशी जाड टॉवेल अंथरा, लावताना आधी बेलमध्ये तोंडाची वाफ सोडा आणि म्यूट किंचित पिळून बसवा, कॉर्क घट्ट धरतो. बदलायला दोनच बार असतील तर पुढचा म्यूट आधीच मांडीत.

आवाजाबद्दल थोडक्यात: पार्टमध्ये फोर्टे (जोरात) लिहिलंय म्हणून फुंकू नका, गायकाचे शब्द ऐकू येत नसतील तर तुम्ही जास्त वाजवताय. बेल नोटेशनच्या स्टँडच्या मागे घ्या, तरी भागलं नाही तर कंडक्टरला विचारा.

आणि ओठ जपा. ब्रॉडवेवर आठवड्याला साधारण 8 शो होतात, त्यात एकाच दिवशी दोन आले की दुपारी सगळा दम घालवणारा रात्रीच्या फिनालेला वरच्या नोट्स चुकवतो. शोआधीचा वॉर्मअप दहा-पंधरा मिनिटांचा आणि हलका ठेवा, वरच्या नोट्स तपासून बघत बसू नका. मध्यंतरात तर वाद्याला हातच लावू नका, पाणी प्या.