साइडकिकचं नोटपॅड वापरताय? या चुका टाळा

बोरलँड कंपनीचं साइडकिक 1984 साली आलं: डॉस या जुन्या सिस्टिमवर मेमरीत बसून राहणारं, आणि कळ दाबताच चालू प्रोग्रॅमवर नोटपॅड उघडून देणारं सॉफ्टवेअर. जुन्या पीसीवर किंवा डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉस चालवणारा प्रोग्रॅम) ते पहिल्यांदा चालवणारे आजही त्याच चार-पाच खड्ड्यांत पडतात. मुळात समज चुकीची असते. कंट्रोल-ऑल्ट दाबल्यावर नोटपॅड उघडतं तेव्हा खालचा प्रोग्रॅम बंद झालेला नसतो, जिथल्या तिथे थबकलेला असतो. त्याच्या फाइली उघड्याच असतात.

सगळ्यात महागात पडते ती फ्लॉपी बदलण्याची चूक. समजा, खाली वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये ए ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवरचं पत्र उघडं आहे. मध्येच फोन येतो, तुम्ही नोटपॅड उघडून नंबर टिपता, आणि टिपणं दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवायची म्हणून पत्राची फ्लॉपी काढून ती घालता. एफ2 दाबलं, सेव्ह झालं, एस्केप मारून परत पत्रात. आता वर्डस्टार लिहायला जातं. डॉसच्या लेखी पत्राची फाइल उघडीच आहे. तिची डिरेक्टरीतली जागा आणि क्लस्टरचे (डिस्कवरच्या साठवणीच्या तुकड्यांचे) आकडे पहिल्या फ्लॉपीचे आहेत, आणि ड्राइव्हमध्ये आहे दुसरी. पत्राचा मजकूर टिपणांवर जाऊन बसतो, एफएटी, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, बिघडते आणि दोन्ही फायली जातात. चेकडिस्क (डिस्क तपासणारी डॉसची आज्ञा) चालवून हाती लागतात ते तुकडे. म्हणून टिपणांची फाइल हार्ड डिस्कवर किंवा बी ड्राइव्हवरच ठेवावी. ए मधली फ्लॉपी बदलायचीच असेल तर आधी खालचं पत्र सेव्ह करून बंद करा. दहा सेकंद वाचवायला जाणाऱ्यांचीच फ्लॉपी जाते.

याचंच धाकटं भावंड: खाली उघडी असलेली फाइल नोटपॅडमध्येही उघडणं. जो शेवटी सेव्ह करेल त्याचीच प्रत राहते.

दुसरी चूक क्रमाची. साइडकिक कीबोर्डचा इंटरप्ट 9 (कळ दाबली की प्रोसेसरला जाणारी हाक) स्वतःकडे वळवतं, म्हणून ते ऑटोएक्झेक-बॅटमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) सगळ्यात शेवटी लोड करायचं. त्यानंतर दुसरा रेसिडेंट (मेमरीत बसून राहणारा) प्रोग्रॅम चढवला की दोघांची त्या इंटरप्टवरून झटापट होते. कधी कळ लागत नाही, कधी मशीनच अडकतं. काढतानाही उलटा क्रम, शेवटी आलेला आधी बाहेर. मधलाच काढला तर वरचा प्रोग्रॅम रिकाम्या झालेल्या जागेत उडी मारतो आणि मग रीसेटचं बटणच कामाला येतं. डॉस 5 पासून मेम /सी ही आज्ञा दिली की मेमरीत कोण कुठे बसलंय ते दिसतं. आधी तेवढं बघा, मग छेडछाड करा.

वर्ड प्रोसेसरमधून तात्पुरतं डॉसमध्ये उतरून तिथे साइडकिक लोड करू नका. वर्ड प्रोसेसर बंद केल्यावर ते मेमरीच्या मधोमध अडून राहतं, आणि डॉसच्या 640 केबी मेमरीचे दोन तुकडे झाल्यामुळे मोठा प्रोग्रॅम 'जागा नाही' म्हणून परततो. उपाय एकच: रीबूट.

डिस्कचा दिवा पेटलेला असताना कळ दाबून काही उघडलं नाही, तर पुन्हा पुन्हा बडवू नका. डॉस एका वेळी एकच काम करतं.

कंट्रोल-ऑल्टवर बोटं असताना डिलीटला धक्का लागला तर मशीन विचारत बसत नाही, थेट रीबूट होतं. म्हणून दर दोन ओळींनी एफ2. डॉसबॉक्समध्ये आणखी एक सापळा: खिडकी मोठी करायला एफ9 लागतं, पण कंट्रोलवरचं बोट उचललं नसेल तर कंट्रोल-एफ9 होतं आणि डॉसबॉक्सच बंद पडतं, न सेव्ह केलेल्या टिपणांसकट.