सिलिॲक असलेल्या लेकराचं पित्ताशय सुस्त निघालं तर काय करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टात पित्ताशय मोठं दिसतंय, नीट रिकामं होत नाही असं आलं की घरात लगेच सुरू होतं, तूप बंद करा तेल बंद करा, कोणीतरी पित्ताचं चूर्ण पण आणून देतं. थांबा जरा. सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतडं खराब होण्याचा आजार, असेल तर मूळ दुखणं बहुतेक वेळा आतड्यात असतं. आपण तेलातुपाचं खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, ते रक्तातून पित्ताशयाला आवळायला सांगतं आणि पित्त खाली येऊन चरबी पचायला मदत करतं. गव्हातल्या ग्लूटेनमुळं आतड्याचं अस्तर खराब झालं की हे हार्मोन कमी सुटतं, मग पित्ताची पिशवी भरलेली तशीच राहते आणि लेकराला तेलकट, घाण वासाची शी होते, वजन वाढत नाही.

म्हणून पहिलं काम गहू बंद, पण टीटीजीची (सिलिॲक ओळखायची) रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी सांगितली तर एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून आतडं बघणं) व्हायच्या आधी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आपल्या मराठवाड्यात ज्वारी बाजरीची भाकर घरोघरी आहे हे खरंच नशीब, पण घात होतो गिरणीत. आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळलेले असतात आणि त्याच जात्यातून आपली ज्वारी निघते. शक्यतो घरगुती चक्की घ्या आणि ती फक्त बिनगव्हाच्या धान्यालाच ठेवा. परात, पोळपाट, तवा पण लेकराचा वेगळा. येसरात म्हणजे आमटीच्या मसाल्यात बऱ्याच घरी गहू भाजून घालतात, धपाट्यात कणीक असते, डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, लेबल वाचल्याशिवाय आणूच नका.

तेलतूप पूर्ण तोडू नका. पिशवीला आवळायला चरबीच लागते, ती मिळालीच नाही तर पित्त अजून साचून राहतं आणि वाढत्या वयात वजनाचे हाल होतात ते वेगळेच. भाकरीवर चमचाभर तूप, शेंगदाण्याची चटणी, असं प्रत्येक जेवणात थोडं थोडं द्या. खडे निघाले असतील तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

पित्ताशय किती आवळतं हे बघायची सोनोग्राफी दोनदा होते, एक उपाशीपोटी आणि दुसरी चरबीचं काहीतरी खाऊन अर्धा-एक तासानं. सकाळचा नंबर घ्या म्हणजे उपाशी राहायचं रात्रीतच निघून जातं, किती तास ते सेंटरला विचारा, तान्ह्या लेकराला कमी असतात. तिथं ब्रेड-बटर किंवा क्रीमची बिस्किटं द्या म्हणाले तर देऊ नका, आधीच विचारून घरून उकडलेली अंडी नाहीतर लोणी-भाकर न्या.

उजव्या बरगडीखाली जोरात दुखणं, ताप, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, शी पांढरट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाहीतर धीर धरा, आतडं भरून यायला महिने लागतात आणि ते सुधारलं की पिशवी पण सहसा कामाला लागते. येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात गव्हाची खीर असतेच, तिथं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा आणि लेकराला आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे पोटभर खाऊ द्या, फक्त त्याचं भांडं आणि पळी वेगळी ठेवा.