एफवायबीएस्सीचं मेकॅनिक्स आणि प्रॅक्टिकल : या चुका टाळा

बारावीला फिजिक्समध्ये उत्तम मार्क मिळवलेली मुलंही एफवायच्या पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्समध्ये अडखळतात. विषय ओळखीचा वाटतो, आणि गडबड तिथेच होते. न्यूटनचे नियम, घर्षण, दोलक हे सगळं आधी झालेलं असतं. नवीन असतं ते कॅल्क्युलस, पण सीईटीच्या तयारीत पाठ झालेली सूत्रं हाताशी असल्यामुळे तिकडे वळावंसंच वाटत नाही.

त्वरण स्थिर आहे का, हे न पाहणं

'व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू एएस' हे सूत्र त्वरण स्थिर असेल तेव्हाच चालतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण गणित समोर आलं की विसरायला होतं.

एक उदाहरण नीट पाहा. शांत पाण्यात होडीचं इंजिन बंद केलं आणि पाण्याचा विरोध वेगाच्या समप्रमाणात आहे असं धरलं. होडी थांबेपर्यंत किती अंतर जाईल? सुरुवातीचं मंदन काढून तेच शेवटपर्यंत कायम धरलं, तर उत्तर खऱ्या उत्तराच्या बरोबर निम्मं येतं. वेग कमी होईल तसा विरोधही कमी होतो, म्हणून होडी दुप्पट लांब जाते. इथे त्वरण 'डीव्ही बाय डीटी' असं न लिहिता 'व्ही गुणिले डीव्ही बाय डीएक्स' असं लिहा. दोन्ही बाजूंचा व्ही जातो आणि एका ओळीत इंटिग्रेशन होतं. अंतर मिळतं ते असं : वस्तुमान गुणिले सुरुवातीचा वेग, भागिले विरोधाचा स्थिरांक.

म्हणून गणित वाचून झाल्यावर आधी स्वतःला विचारा, बल कशावर अवलंबून आहे? वेळेवर असेल तर डीव्ही बाय डीटी, स्थानावर असेल तर व्ही डीव्ही बाय डीएक्स. वेगावर असेल तर दोन्ही चालतात. वेळ विचारलाय की अंतर, त्यावरून ठरवा. आणि इंटिग्रेशनच्या लिमिट्स पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर स्थिरांक हमखास राहून जातो.

फ्री बॉडी डायग्राममधले जादा बाण

वर्तुळाकार गतीच्या फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे वस्तूवरची बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत, 'सेंट्रिपेटल फोर्स' नावाचा वेगळा बाण काढू नका. दोरीचा ताण, घर्षण, गुरुत्वाकर्षण यांपैकी जे खरोखर लागू आहे, तेच केंद्राकडे ओढत असतं. नॉर्मल रिअ‍ॅक्शन (पृष्ठभागाने वस्तूवर लावलेलं लंब बल) दर वेळी एमजी, म्हणजे वजनाइतकी, नसते. दोरीने तिरकं वर ओढलेल्या पेटीखाली ती कमी होते. स्थितिक घर्षणही दर वेळी म्यू (घर्षण गुणांक) गुणिले एन (हेच लंब बल) नसतं, ती फक्त कमाल मर्यादा आहे. १० किलोच्या पेटीला २० न्यूटनने आडवं ढकललं आणि म्यू ०.५ असेल, तर पेटी हलत नाही आणि घर्षण २० न्यूटनच असतं, ४९ नव्हे.

चुकलेलं उत्तर लपवणं

प्रॅक्टिकलमधली सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच. दोलकाच्या प्रयोगात 'जी'ची (गुरुत्वीय त्वरणाची) किंमत १०.८ आली की मुलं घाबरतात आणि ९.८ यावं म्हणून रीडिंग मागून जुळवतात. पण १०.८ हा आकडाच काय बिघडलं ते सांगत असतो.

साध्या दोलकात बॉब (दोऱ्याला टांगलेला गोळा) मधल्या खुणेवरून गेला की स्टॉपवॉच सुरू करतात आणि त्याच क्षणी तोंडाने 'एक' म्हणतात. तिथे 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलं की २० दोलनांऐवजी १९ च दोलनांचा वेळ मोजला जातो. आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी येतो, आणि 'जी' आवर्तकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे जवळपास ११ टक्क्यांनी वाढतो. ९.७८ चे थेट १०.८ होतात. एक दोलन जास्त मोजलं गेलं, तर उत्तर ८.९ च्या आसपास येतं.

९.७ च्या जवळ येतंय? मग लांबी तपासा. दोऱ्याची लांबी घेतली आणि बॉबची त्रिज्या मिळवायची राहिली, तर १ मीटर लांबीला १ सेंटिमीटर त्रिज्येमागे 'जी' १ टक्क्याने कमी येतो. ९.४५ च्या जवळ आलं, तर अँप्लिट्यूडकडे बघा. ३० अंशांपर्यंत झोका दिला की आवर्तकाल पावणेदोन टक्के वाढतो आणि 'जी' साडेतीन टक्क्यांनी पडतो. ५ अंशांच्या आत राहिलात, तर हा फरक लक्षात घ्यायचीही गरज नाही.

आलेख का काढायला सांगतात, तेही इथे कळतं. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला, तर त्रिज्या विसरल्याचा परिणाम स्लोपवर होत नाही. रेषा फक्त सरकते आणि आरंभबिंदूतून जात नाही. त्या सरकण्यावरूनच बॉबची त्रिज्या काढता येते! म्हणून रेषा ओढूनताणून शून्यातून नेऊ नका. स्लोप काढताना रेषेवरचे दूरदूरचे दोन बिंदू घ्या, तक्त्यातली रीडिंग घेऊ नका.

शिवाय पुण्यात किंवा मुंबईत ९.८१ यायचंच नाही. ते मूल्य जास्त अक्षांशांवरचं आहे, आणि १९०१ मध्ये ठरवलेलं ९.८०६६५ हे एक प्रमाण मूल्य आहे. पुण्यात 'जी' सुमारे ९.७८ आहे, मुंबईत ९.७९. जर्नलमध्ये बरोबर ९.८१ लिहिलेलं दिसलं की जाणत्या परीक्षकाला शंका येते.

सगळी रीडिंग सारखीच महत्त्वाची समजणं

बेंडिंगने यंग्ज मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा सांगणारा स्थिरांक) काढताना पट्टीची रुंदी अगदी जपून मोजतात आणि जाडी एकदाच, घाईघाईत. सूत्रात रुंदीचा घात एक आहे, जाडीचा तीन. ३ मिलिमीटर जाडीत ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तरात १० टक्क्यांची चूक येते. जाडी स्क्रूगेजने चार-पाच ठिकाणी मोजा आणि आधी झिरो एरर (बंद स्क्रूगेज शून्याऐवजी दाखवतो ते रीडिंग) बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर वजा करायची, निगेटिव्ह असेल तर मिळवायची. टॉर्शनल पेंड्युलममध्ये (तारेला पीळ देऊन फिरवायचा दोलक) तारेच्या त्रिज्येचा घात चार आहे, तिथे आणखी जपा. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू रीडिंग घेताना एकाच दिशेने फिरवा, नाहीतर बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू थोडा रिकामा फिरण्याची चूक) येतो.

कुठल्याही प्रयोगाला हात लावण्याआधी सूत्र लिहून सगळ्यात मोठा घात कुणाचा आहे ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वेळ कुठे खर्च करायचा ते त्यावरून ठरतं.

जर्नल आणि शेवटची ओळ

रीडिंग पेनानेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. पुष्कळदा आधी 'चुकीचं' वाटलेलं रीडिंगच बरोबर निघतं. लीस्ट काउंट (उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) आणि झिरो एरर तक्त्याच्या वर लिहा.

कॅल्क्युलेटरवर ९.७८४३२१६ दिसतंय म्हणून तेवढं सगळं उतरवू नका. हाताने स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक धरली, तर १ मीटरच्या दोलकाच्या २० दोलनांच्या ४० सेकंदांत ती अर्धा टक्का होते आणि 'जी'मध्ये १ टक्का. म्हणजे उत्तर लिहायचं ते ९.८ अधिक-उणे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याखाली एका वाक्यात लिहा की सगळ्यात जास्त चूक वेळेच्या मापनातून येते. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) बहुतेक वेळा पुढचा प्रश्न याच वाक्यावर येतो : ती कमी कशी कराल? दोलनं ५० करा.