कोडइग्नायटर ४ मध्ये बेस कंट्रोलर कसा वापरावा

परळला आमची जुनी चाळ आहे. तिच्या तक्रारी, पावत्या आणि पार्किंगचा हिशेब ठेवायला मी कोडइग्नायटर ४ मध्ये, म्हणजे पीएचपी भाषेतल्या एका फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइटच्या तयार सांगाड्यात), एक छोटी वेबसाइट बांधली. सुरुवातीला तिन्ही कंट्रोलरांत (आलेली विनंती हाताळणाऱ्या क्लासांत) मी तेच ते लिहीत होते: सेशन (आलेल्या माणसाची पानापानांत टिकणारी नोंद) घ्या, भाषा मराठी करा, फॉर्मचा हेल्पर (तयार फंक्शनांचा संच) लोड करा. हे सगळं एकाच जागी ठेवायची सोय म्हणजे बेस कंट्रोलर.

ही फाइल नव्याने बनवावी लागत नाही. ॲप फोल्डरातल्या कंट्रोलर्समध्ये बेसकंट्रोलर नावाने ती तयारच असते. आपल्या प्रत्येक कंट्रोलरने हा क्लास एक्स्टेंड करायचा, एवढंच.

आता विनंती आत कशी येते ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आधी रूट ठरतो, म्हणजे हा पत्ता कोणत्या कंट्रोलरच्या कोणत्या मेथडकडे जाणार ते. मग बिफोर फिल्टर, म्हणजे कंट्रोलरच्या आधीच्या तपासण्या, चालतात. त्यानंतर फ्रेमवर्क कंट्रोलरचा ऑब्जेक्ट बनवतं, त्याच्या इनिटकंट्रोलर या मेथडकडे रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि लॉगर सोपवतं आणि शेवटी तुमची मेथड बोलावतं. म्हणजे कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा रिक्वेस्ट अजून हातात आलेलीच नसते. तिथे ती वाचायला गेलात की नल, म्हणजे रिकामी किंमत, मिळतो. म्हणून तयारीचं काम कन्स्ट्रक्टरमध्ये करू नका, इनिटकंट्रोलरमध्ये करा.

पहिलं काम हेल्परचं. बेस कंट्रोलरमध्ये हेल्पर्स नावाची प्रॉपर्टी असते, तिच्या यादीत फॉर्म लिहा. झालं.

मग इनिटकंट्रोलर उघडा. त्यात पेरेंटच्या इनिटकंट्रोलरला बोलावणारी ओळ असते, तिला हात लावू नका. तिच्याखाली सेशन घ्या आणि रिक्वेस्टचा लोकेल, म्हणजे भाषेचा कोड, एमआर (मराठी) करा. सेशनची प्रॉपर्टी क्लासमध्ये वर प्रोटेक्टेड म्हणून आधी जाहीर करा, नाहीतर पीएचपी ८.२ पासून डेप्रिकेशनची सूचना येते. भाषेच्या बाबतीत मी बराच वेळ अडकले होते. ॲपच्या कॉन्फिगमधल्या सपोर्टेड लोकेलच्या यादीत एमआर नसेल, तर फ्रेमवर्क काही न बोलता मूळ भाषेवर परत जातं. ती यादी आधी बघा.

तिसरं काम, सगळीकडे लागणाऱ्या छोट्या मेथड. माझ्याकडे अशी एकच आहे: फॉर्म चुकला की स्टेटस ४२२ (पाठवलेली माहिती चुकीची) लावून चुकांची यादी जेसनमध्ये परत पाठवणारी. ती प्रोटेक्टेड ठेवली आहे, म्हणजे ब्राउझरच्या पत्त्यावरून कुणाला ती उघडता येत नाही.

आता लॉगिन. मी इनिटकंट्रोलरमध्येच लिहिलं होतं की सभासद ओळखीचा नसेल तर लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट रिटर्न कर. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबवलं. "अगं, मी लॉगिन केलंच नाही, तरी सगळ्या बिऱ्हाडांची थकबाकी मला कशी दिसते?" माझ्या पोटात गोळा आला. इनिटकंट्रोलरने काय रिटर्न केलं याकडे फ्रेमवर्क बघतच नाही. रीडायरेक्ट हवेत विरतो आणि पुढची मेथड बिनधास्त चालते. लोकांच्या पैशाचा मामला असताना ही चूक परवडणारी नाही.

हे काम फिल्टरचं. ॲपमधल्या फिल्टर्स फोल्डरात एक क्लास लिहा, त्याच्या बिफोर मेथडमधून रीडायरेक्ट रिटर्न करा. फ्रेमवर्क तिथेच थांबतं, कंट्रोलर बनतही नाही. मग कॉन्फिगमधल्या फिल्टर्स फाइलमध्ये त्याला नाव द्या आणि कोणत्या पत्त्यांना तो लागू आहे ते लिहा. लॉगिनचं पान मात्र त्यातून वगळा, नाहीतर ते स्वतःकडेच फिरत राहील. आमच्या फाटकावर वॉचमन वहीत नाव लिहून घेतो आणि मगच आत सोडतो. फिल्टर म्हणजे तो वॉचमन. बेस कंट्रोलर हा आतला जिना, तिथवर पोचलेल्या माणसाला अडवायला उशीर झालेला असतो.

डेटाबेसच्या क्वेरीही बेस कंट्रोलरमध्ये सहसा टाकू नका. वरच्या पट्टीत थकबाकीचा आकडा दाखवायला मी ती तिथे टाकली, तर पार्किंगचं पान उघडतानाही ती चालायला लागली. ज्या पानाला हवी त्याच्या कंट्रोलरमध्येच ती ठेवा.

सगळं झाल्यावर टर्मिनलमध्ये पीएचपी स्पार्क राउट्स ही कमांड चालवा. प्रत्येक रूटसमोर त्याचे बिफोर फिल्टर दिसतात. थकबाकीच्या रूटसमोर तुमच्या फिल्टरचं नाव आहे ना, ते डोळ्यांनी बघा. मग इन्कॉग्निटो खिडकीत तोच पत्ता टाका आणि लॉगिनचं पान येतं याची खात्री करा.